कृष्णामाई आणि युरोपातील नदीदेवता

कृष्णेला वाईपासून सांगलीपर्यंत ‘कृष्णामाई’ म्हणतात. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात गोमुखातून तिचा उगम दाखवला जातो. कराडला तिला कोयना मिळते आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा. माघापासून वाईच्या घाटांवर एकापाठोपाठ एक कृष्णाबाईचे उत्सव होतात. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी अशा प्रत्येक घाटाचे दिवस वेगळे असतात. मांडवात देवीची मूर्ती बसते, बायका ओटी भरतात, कीर्तने आणि प्रसादाच्या पंगती होतात. अफजलखानाचे संकट टळावे म्हणून बोललेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाल्याची परंपरा आहे.

युरोपात नदीला देवी मानणारे प्राचीन केल्टिक लोकही होते. आयर्लंडच्या बॉइन नदीची देवी बोअन, तर फ्रान्सच्या सीन नदीची सेक्वाना. सेक्वानाची कांस्यमूर्ती बदकाच्या तोंडाच्या होडीत उभी आहे. सीनच्या उगमाशी रोगमुक्तीसाठी हात, पाय, डोळे यांच्या लाकडी व दगडी प्रतिकृती वाहिल्या जात. आपल्याकडेही नवस फेडताना देवापुढे चांदीचे डोळे वाहतात, हे साम्य विलक्षण आहे. इंग्लंडमधील बाथच्या गरम झऱ्याची देवी सुलिस रोमनांनी आपल्या मिनर्व्हा देवीशी एकरूप केली. चोराला शासन व्हावे म्हणून भाविक शिशाच्या पत्र्यावर तक्रार कोरून झऱ्यात टाकत.

ग्रीकांकडे मात्र नद्या बहुतेक पुरुषदेव, उदाहरणार्थ अखेलोस. स्त्रीरूप मिळाले ते मुख्यतः झऱ्यांच्या अप्सरांना.