पांढऱ्या पाण्यावरून दिवस गेल्याचं कळत नाही



गेल्या पौर्णिमेला कोल्हारच्या आपल्या वस्तीत वंदना संपली. बाया घराकडे निघाल्या, पण एक नवी सून मागे रेंगाळली. हळूच म्हणाली, "ताई, परवा रात्री निरोध नव्हता. कालपासून अंगावरून पांढरं पाणी जातंय. शेजारची वहिनी म्हणते, सगळं बाहेर पडलं, आता काही होत नाही. जाऊबाई म्हणतात, पांढरं जायला लागलं म्हणजे दिवस गेलेच. खरं काय?"

दोन्ही खरं नाही. पांढऱ्या पाण्यावरून दिवस गेले की नाही हे कळत नाही. दोन दिवसांत तर कुठल्याच खुणेवरून कळत नाही. तिच्या हाताशी अजून वेळ होता, आणि ती तो पाण्याचा रंग बघण्यात घालवत होती. म्हणून या वेळी हाच विषय.

हे पाणी कसलं?

योनीमार्ग ओला आणि स्वच्छ राहावा म्हणून शरीर स्वतःच हा स्राव तयार करतं. पाळीनंतर तो कमी असतो. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत तो पारदर्शक, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा, बोटांत ताणला जाणारा होतो. नंतर घट्ट, पांढरट होतो. वास नाही, खाज नाही, तर तो आजार नाही. त्याने हाडं झिजत नाहीत.

ताणलं जाणारं पाणी म्हणजे बीज सुटण्याची वेळ जवळ आली. याच दिवसांत दिवस जाण्याची शक्यता सर्वांत जास्त. संबंधानंतर जे बाहेर येतं, त्यात पुरुषाचं वीर्यही असतं. पण थोडं बाहेर आलं म्हणजे सगळं आलं असं नाही. शुक्राणू थोड्याच वेळात गर्भाशयाकडे पोचतात आणि पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून लगेच धुणं, लघवीला जाणं, उड्या मारणं याने गर्भ टळत नाही. पुरुषाने वेळेवर बाजूला होणं हाही भरवशाचा उपाय नाही.

आधी तास मोजा

निरोध नव्हता किंवा फाटला, तर ७२ तासांच्या आत तातडीची गर्भनिरोधक गोळी घ्या. एकच गोळी असते. जितकी लवकर घ्याल तितका उपयोग जास्त. ती आशाताईकडे, सरकारी दवाखान्यात किंवा मेडिकलमध्ये मिळते. घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. पाळी थोडी पुढे-मागे होऊ शकते. ही गोळी गर्भ पाडत नाही, बीज सुटणं लांबवते. पुढच्या संबंधाला तिचं संरक्षण नाही, आणि दर महिन्याचा उपाय म्हणून ती वापरू नये.

७२ तास उलटले, तरी पाच दिवसांच्या आत दवाखान्यात तांबी बसवून घेता येते. ती गोळीपेक्षाही खात्रीची, आणि पुढे काही वर्षं काळजी नाही.

मग तपासणी करा

पाळी चुकली, किंवा संबंधाला तीन आठवडे झाले, की सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी करा. 'निश्चय' किट आशाताईकडे मिळतं. पाळीसारखं थोडं रक्त गेलं म्हणून तपासणी टाळू नका. दिवस गेले असताना पोटात एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली, तर लगेच मोठ्या दवाखान्यात जा.

दिवस गेले आणि मूल नको असेल, तर १९७१ च्या कायद्याने गर्भपात करता येतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, साधन फसल्याचं कारण अविवाहित स्त्रीलाही लागू झालं. अठरा वर्षांवरच्या स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. काढे, काड्या आणि मनाने घेतलेल्या गोळ्या जीव घेतात.

पाणी कशाची खूण आहे?

पाणी दिवसांची नाही, पण आजाराची खूण देतं. दह्यासारखं घट्ट आणि खाज, पातळ आणि माशासारखा वास, पिवळं-हिरवं फेसाळ, ओटीपोटात दुखणं, ताप, संबंधानंतर रक्त जाणं – यातलं काहीही असलं तर तपासून घ्या. औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे. काही संसर्गांत नवऱ्यानेही औषध घ्यावं लागतं, नाहीतर दुखणं परत येतं. आतून साबणाने धुऊ नका.

डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना अंगावरचं काही ना काही दुखणं होतं, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. बाकीच्या सोसत होत्या. ऊसतोडीला, दुसऱ्याच्या शेतात जाणाऱ्या आपल्या बायाही तेच करतात.

बोलायची लाज वाटते, हे मला माहीत आहे. पण १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला, तो आपल्याच नगर जिल्ह्याचे आमदार प्र. ज. रोहम यांनी मांडला होता. त्यासाठीचं भाषण बाबासाहेबांनी तयार केलं होतं. ठराव नामंजूर झाला. पण जे बाबासाहेबांना भर सभागृहात मांडायची लाज वाटली नाही, ते आपण घरात का बोलू नये? घरातल्या पुरुषांनीही हे पान वाचावं. निरोध आणणं त्यांचंही काम आहे.

ती सून त्याच संध्याकाळी आशाताईकडे गेली, गोळी घेतली. तीन आठवड्यांनी तपासणी करायची, हे मी तिच्या कॅलेंडरवर खूण करून दिलंय. तुमच्या घरात अशी वेळ आली, तर रंग बघत बसू नका. घड्याळ बघा.