आधार नंबरचा शेवटचा आकडा नेमकं काय करतो?

महाशिवरात्रीच्या यात्रेला आत्याकडे प्रतापगडला गेलो होतो (आपलं गोंदिया जिल्ह्यातलं, साताऱ्याकडचं नाही). तिचा एक ऑनलाइन फॉर्म भरताना आधार नंबरमध्ये 58 च्या जागी 85 टाइप झालं. लगेच खाली लाल अक्षरं आली: नंबर चुकीचा आहे. गंमत म्हणजे गर्दीमुळे तेव्हा नेटवर्कच नव्हतं.

"याले कसं समजलं रे बाबू?" आत्याने विचारलं.

प्रश्न एकदम बरोबर आहे. मोबाइलमध्ये काही देशभरच्या आधारची यादी नसते. उत्तर नंबरच्या आतच आहे. 12 पैकी पहिले 11 आकडे हा मूळ नंबर, आणि बारावा त्या 11 वरून गणित करून काढलेला. त्याला चेक डिजिट म्हणतात. फॉर्म तेच गणित पुन्हा करतो, जुळलं नाही तर अडवतो.

मग सरळ बेरीज का नाही करत? कारण 5+8 पण 13 आणि 8+5 पण 13. जागा बदललेली बेरजेला कळतच नाही. एटीएम कार्डच्या नंबरात एक सोडून एक आकडा दुप्पट करून बेरीज घेतात (लून पद्धत). ती शेजारच्या आकड्यांची अदलाबदल पकडते, फक्त 09 चं 90 झालं तर फसते.

आधारमध्ये डच गणितज्ञ याकोबस व्हरहूफ यांची 1969 ची पद्धत आहे. पुठ्ठ्याचा समान बाजूंचा पंचकोन कापा, कोपऱ्यांवर दोन्हीकडून अक्षरं लिहा. तो त्याच जागेत बसवायच्या बरोबर 10 तऱ्हा आहेत: 5 फिरवून, 5 उलटून. त्यांनाच 0 ते 9 समजायचं. आता एक घर फिरवून मग उलटा, आणि दुसऱ्यांदा आधी उलटून मग फिरवा. अक्षरं वेगळ्या जागी येतात! म्हणजे इथे क्रम बदलला की उत्तर बदलतं. नुसतं फिरवण्यात मात्र क्रमाने फरक पडत नाही, म्हणून प्रत्येक आकडा त्याच्या जागेनुसार आधी एका ठरलेल्या तक्त्यातून बदलून घेतात. दोन्ही मिळून एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटले, तर चूक सुटत नाही.

पण जुळलं म्हणजे नंबर खरा, असं नाही. मनाने 12 आकडे लिहिले तरी साधारण दहातून एकदा गणित जुळतं. त्यामुळे कोणी नुसता आधार नंबर दाखवला तर त्यावर विश्वास ठेवू नका.

आणि मोबाइल नंबर? त्यात चेक डिजिट नाहीच. एकही आकडा बाकीच्यांवरून गणित करून काढलेला नसतो. संध्याकाळी नेटवर्क आल्यावर आत्याचा रिचार्ज केला, तिथेही दोन आकडे उलटे पडले. लाल अक्षरं वगैरे काही नाही, हिरवी टिक आली आणि रिचार्ज कोणा दुसऱ्याच्याच फोनवर गेला. त्या नंबरवर दोनदा फोन करून पाहिला. उचलला नाही.