भाव चढतो म्हणून घ्यायचं का?

आमच्या सानगडीच्या गटांमध्ये हप्ते जमा झाले, वही मिटली की हल्ली एक विषय निघतोच. कुणाचा दीर, कुणाचा भाचा मोबाइलवर शेअर घेतो. मग बाया विचारतात, "गटातून कर्ज उचलून आपणही घ्यायचे का?" उत्तर देण्याआधी आपल्याच मुंबईच्या बाजारात पंचवीस वर्षांपूर्वी काय झालं, ते समजून घेऊ.

शेअर म्हणजे कंपनीतला लहानसा हिस्सा. धानाची बांधी विकत घेताना आपण पाणी कुठून येतं, किती पोती होतात, खर्च किती जातो, हे बघतो आणि मगच भाव बोलतो. १९९९ मध्ये इंटरनेट नवीन होतं. संगणक आणि इंटरनेटच्या कंपन्यांचे शेअर घेताना त्यांचं पीक किती, हे फार थोड्यांनी विचारलं. काल भाव चढला म्हणून आज घ्यायचं, उद्या जास्त देणारा भेटेल या आशेवर बसायचं, असं चाललं होतं.

अमेरिकेत अशा कंपन्यांचा भरणा असलेल्या नॅसडॅक बाजाराचा आकडा १० मार्च २००० ला ५,०४८ होता. ऑक्टोबर २००२ मध्ये तो १,११४ वर आला. म्हणजे शंभरातले बावीस रुपये उरले. इंटरनेट काही खोटं नव्हतं, आज ते घरोघरी आहे. पण वस्तू खरी असली तरी तिला दिलेला भाव चुकीचा असू शकतो.

मुंबईत केतन पारेख नावाच्या दलालाने अशाच काही निवडक कंपन्यांचे भाव चढवले. कर्जाच्या पैशाने शेअर घ्यायचे, आपल्याच माणसांमध्ये फिरवायचे. बघणाऱ्याला वाटायचं, केवढी मागणी आहे! फेब्रुवारी २००० मध्ये सेन्सेक्स ५,९०० च्या वर होता, सप्टेंबर २००१ मध्ये तो २,६०० च्या आसपास आला. पारेखला मार्च २००१ मध्ये अटक झाली. पुढे सेबीने त्याला चौदा वर्षं बाजारातून बाहेर ठेवलं.

पण झळ शेअर घेणाऱ्यांनाच लागली नाही. त्याला कर्ज देणारी अहमदाबादची माधवपुरा सहकारी बँक बुडाली आणि साध्या ठेवीदारांचे पैसे अडकले. युनिट ट्रस्टची यूएस-६४ योजना लोक बँकेसारखी सुरक्षित समजत होते. तिचा पैसाही अशा शेअरमध्ये होता. जुलै २००१ मध्ये त्या योजनेतून पैसे काढणं सहा महिने थांबवलं गेलं. निवृत्त माणसांनी, विधवा बायांनी अडीअडचणीसाठी ठेवलेला पैसा तेव्हा हाती आला नाही.

आज नाव बदलतं, मोह तोच राहतो. सेबीच्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्यूचर-ऑप्शनच्या सौद्यात उतरलेल्या शंभर साध्या माणसांपैकी त्र्याण्णव जणांना तोटा झाला.

म्हणून बायांनो, इतकं पाळू :

१. गटाचं कर्ज बियाणं, शेळी, शिलाई मशीन, आजारपण यासाठी. शेअरसाठी नाही. भाव पडला तरी हप्ता थांबत नाही.

२. रोवणीला, शाळेच्या फीला लागणारा पैसा बाजारात घालायचा नाही. गरज येईल तेव्हाच भाव पडलेला असू शकतो.

३. कंपनी काय विकते, तिला नफा होतो का, हे सांगता येत नसेल तर घ्यायचं नाही.

४. "महिन्यात दुप्पट, नक्की" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. शेअरमध्ये नक्की काहीच नसतं.

५. सल्ला देणाऱ्याचा सेबी नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या संकेतस्थळावर तपासा. कुणाच्या खासगी खात्यात पैसे टाकू नका. मोबाइलवरून फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा.

शेअर घेणं वाईट नाही. स्वतःची शिल्लक असेल, पाच-सात वर्षं लागणार नसेल, तर शिकून थोडं घालता येतं. पण गटाची पेटी सगळ्यांची आहे. पुढच्या बैठकीत हे पाच मुद्दे वाचून दाखवा आणि पहिल्या मुद्द्याचा ठराव वहीत सह्यांसह लिहून ठेवा.