रझाकारी सत्तेचा उदय आणि अस्त

15 ऑगस्ट 1947 रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा बीड जिल्हा पारतंत्र्यातच होता, कारण औरंगाबाद, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांप्रमाणे तोही निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता आणि सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने भारतात सामील न होता स्वतंत्र राहण्याचा मनसुबा जून 1947 मध्येच फर्मानाद्वारे जाहीर केला होता. पुढील तेरा महिन्यांत या संस्थानाची खरी सत्ता राजाकडून आणि त्याच्या मंत्र्यांकडून निसटून रझाकार या निमलष्करी संघटनेच्या हाती गेली. ग्रीसमध्ये 21 एप्रिल 1967 रोजी कर्नल पापाडोपोलोस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रणगाडे रस्त्यावर आणून लोकनियुक्त व्यवस्था उलथवली, तसा एका रात्रीतला उठाव हैदराबादेत झाला नाही. येथे राजाने स्वतःच्या सोयीसाठी वाढू दिलेल्या शक्तीने अखेर राजालाच वेठीस धरले, आणि म्हणूनच ही कथा केवळ एका संस्थानाच्या विलीनीकरणाची नाही.

सत्तेची जमीन

सुमारे 82 हजार चौरस मैलांच्या आणि दीड कोटीहून अधिक लोकवस्तीच्या या संस्थानात तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी प्रजा बहुसंख्य होती, परंतु राज्यकारभाराची आणि वरिष्ठ शिक्षणाची भाषा उर्दू होती. जमिनीचा मोठा भाग सरकारी महसुलाखाली, म्हणजे ‘दिवाणी’त असला तरी बराच मुलूख जहागीरदारांकडे आणि काही थेट निजामाच्या खासगी उत्पन्नाचा, म्हणजे ‘सर्फ-ए-खास’ होता. नागरी स्वातंत्र्याची स्थिती ‘गश्ती निशाण 53’ या परिपत्रकावरून कळते, कारण त्यानुसार सरकारच्या पूर्वपरवानगीखेरीज जाहीर सभा घेता येत नसे. अशा राज्यात राजकीय पक्षापूर्वी शाळा, वाचनालये आणि साहित्य-संस्कृतीच्या परिषदा उभ्या राहिल्या, हे ओघानेच आले.

बीड जिल्ह्यातील मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, या दृष्टीने विशेष महत्त्वाचे ठरले. तेथील योगेश्वरी शाळेची धुरा सांभाळणारे व्यंकटेश खेडगीकर, म्हणजेच स्वामी रामानंद तीर्थ, 1938 साली शिक्षकी पेशा सोडून राजकारणात उतरले आणि त्याच वर्षी स्थापन होण्यापूर्वीच बंदी आलेल्या हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेते झाले. शाळेतून घडलेले सहकारी आणि विद्यार्थी पुढे लढ्यात उतरले. ही बंदी 1946 मध्ये उठली, परंतु 15 ऑगस्ट 1947 रोजी स्वामीजींना अटक झाली आणि सनदशीर राजकारणाची वाट पुन्हा बंद झाली.

रझाकारांचा उदय

1927 साली स्थापन झालेल्या मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेने, राज्याचे सार्वभौमत्व संस्थानातील मुस्लिम समाजात सामावले असून निजाम हे त्याचे प्रतीक आहे, असा सिद्धांत मांडला. बहादूर यार जंग यांच्या 1944 मधील मृत्यूनंतर काही काळाने, डिसेंबर 1946 मध्ये, लातूरला वकिली करणारा कासीम रझवी तिचा अध्यक्ष झाला आणि स्वयंसेवकांच्या, म्हणजे रझाकारांच्या, दलाला त्याने सशस्त्र स्वरूप दिले. या दलाची संख्या दोन लाखांपर्यंत पोहोचल्याचे सांगितले जाई, तर निजामाची नियमित फौज त्याच्या फार तर आठव्या-नवव्या हिश्शाएवढी होती. मात्र संख्येपेक्षा निर्णायक बाब अशी की या दलाला कायद्याची चौकट नव्हती आणि शासन त्याला आवर घालत नव्हते.

सत्तेचे हस्तांतर नेमके कधी झाले, हे सांगायचे तर 27 ऑक्टोबर 1947 चा दिवस पाहावा लागतो. भारताशी वाटाघाटी करणारे पंतप्रधान छतारीचे नवाब, सर वॉल्टर मॉंक्टन आणि सर सुलतान अहमद दिल्लीला निघण्याच्या बेतात असताना जमावाने त्यांच्या घरांना वेढा घातला. निजामाने माघार घेतली आणि छतारींनी राजीनामा दिला. 29 नोव्हेंबरला भारताशी एक वर्षाचा ‘जैसे थे करार’ झाला खरा, परंतु रझवीच्या पाठिंब्याने पंतप्रधान झालेल्या मीर लायक अलींच्या सरकारने भारतीय चलनावर निर्बंध घालून आणि पाकिस्तानला वीस कोटींचे कर्ज देऊ करून त्या कराराचा आशय पोकळ केला.

दरम्यान खेड्यापाड्यांत लूट, जाळपोळ आणि हत्या यांचे सत्र सुरू झाले आणि अनेक कुटुंबांनी सरहद्द ओलांडून मुंबई प्रांतात आश्रय घेतला. बीडच्या पश्चिमेला अहमदनगर जिल्हा लागून असल्याने ही सरहद्द जवळ होती, आणि मराठवाड्याच्या सीमेबाहेर उभ्या राहिलेल्या कॅम्पांतून स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते ‘करोडगिरी’ नाक्यांवर, म्हणजे संस्थानच्या जकातनाक्यांवर, हल्ले करीत. शासनाचे मद्य-उत्पन्न बुडावे म्हणून शिंदीची झाडे तोडणे आणि सक्तीची धान्य-लेव्ही नाकारणे हीदेखील याच लढ्याची अंगे होत. रझाकारांना विरोध केवळ हिंदूंनी केला, असेही नाही. त्यांच्यावर टीका करणारे ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत हत्या झाली.

पाच दिवसांचा शेवट

13 सप्टेंबर 1948 रोजी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्याची मुख्य तुकडी सोलापूरकडून नळदुर्गमार्गे शिरली, तर वायव्येकडून दुसऱ्या फौजा औरंगाबाद आणि जालन्यावर चालून आल्या. 15 सप्टेंबरला लातूर घेतलेली तुकडी मोमिनाबादला पोहोचली तेव्हा निजामाच्या गोवळकोंडा लान्सर्स या घोडदळाने नावापुरता प्रतिकार करून शरणागती पत्करली. 17 सप्टेंबरला लायक अली मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी सेनापती अल इद्रूस यांनी औपचारिक शरणागती दिली. ज्या राज्याने स्वतःच्या प्रजेशी तेरा महिने युद्ध केले, त्याच्यासाठी लढायला पाच दिवसांनंतर कोणी उरले नाही. ग्रीसमध्येही जुलै 1974 मध्ये सायप्रसमधील साहस अंगाशी येताच सात वर्षांची लष्करशाही सुमारे आठवडाभरात कोसळली. बळाने उभ्या असलेल्या सत्तेला बाहेरच्या संकटात आतून आधार मिळत नाही, हे दोन्हीकडे दिसून आले.

अस्तानंतरचा हिशेब

मुक्तीचा आनंद खरा होता, पण त्यानंतरच्या आठवड्यांत अनेक ठिकाणी मुस्लिम वस्त्यांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल समितीने 1948 च्या अखेरीस दौरा करून बळींचा एकूण आकडा 27 ते 40 हजार असावा, असा अंदाज दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसली आणि बीडचाही समावेश पीडित जिल्ह्यांत होता. हा अहवाल दीर्घकाळ प्रसिद्ध झाला नाही. ग्रीसमध्ये 1975 साली हुकूमशहांवर खटले चालून त्यांना शिक्षा झाल्या; हैदराबादेत रझवीला काही वर्षांचा कारावास झाला आणि 1957 मध्ये तो पाकिस्तानात निघून गेला, लायक अली त्याआधीच नजरकैदेतून निसटले होते, तर निजाम 1950 पासून भारतीय संघराज्यात राजप्रमुख म्हणून मिरवत राहिला. 1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मात्र बीडने आपला खासदार स्वतः निवडला, आणि तो मान मुक्तिसंग्रामातील बाबासाहेब परांजपे यांना मिळाला.

17 सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो आणि तो व्हायलाच हवा. परंतु त्या दिवसाचे स्मरण करताना रझाकारांच्या अत्याचारांचा आणि त्यानंतरच्या सुडाचा, असे दोन्ही अध्याय वाचले तरच त्यातून शिकता येईल. राज्यकर्त्याने कायद्याबाहेरच्या झुंडीला एकदा मुभा दिली की ती झुंड कोणत्या धर्माची आहे यावर परिणाम अवलंबून राहत नाहीत, हाच हैदराबादच्या तेरा महिन्यांचा निर्णायक धडा आहे.