तराजूतली चांदी आणि हत्तीचं नाणं

बायबलमध्ये ‘शेकेल’ वाचलं की डोळ्यांपुढे खणखणतं नाणं येतं. जुन्या कराराच्या बहुतेक भागात मात्र शेकेल हे नाणं नाही, वजन आहे. सव्वाअकरा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आपल्या जुन्या तोळ्याहून जरासं कमी. यिर्मया संदेष्ट्याने अनाथोथ गावात चुलतभावाचं शेत विकत घेतलं, तो व्यवहार सावकाश वाचावा. साल इसवी सनपूर्व 587 च्या सुमाराचं, बाबेलच्या फौजेने यरुशलेमला वेढा घातलेला. यिर्मयाने 17 शेकेल चांदी तराजूत तोलून दिली, साक्षीदारांसमोर खरेदीखत केलं, एक मोहोरबंद आणि एक उघडी अशा दोन्ही प्रती मातीच्या मडक्यात जपून ठेवायला लावल्या. कागदाची एवढी काळजी, आणि नाणं एकही नाही!

त्या सुमाराला आपल्या हिंगणा तालुक्यात काय चाललं होतं? टाकळघाट-खापा इथं डॉ. शां. भा. देव यांनी नागपूर विद्यापीठातर्फे 1968-69 मध्ये उत्खनन केलं. तिथली वस्ती इसवी सनपूर्व सहाव्या-सातव्या शतकाची निघाली. इथल्या आणि जुनापाणी, माहुरझरी इथल्या शिळावर्तुळांत लोखंडाची हत्यारं, तांब्याच्या वस्तू, घोड्याचा साज मिळाला. चांदीच्या तुकड्यावर ठसे उमटवलेलं आपलं आहत नाणं तेव्हा उत्तरेत कुठे आकार घेऊ लागलं होतं. नाणं नाही म्हणजे समाज मागासलेला, हा समज यरुशलेमलाही लागू पडत नाही आणि टाकळघाटलाही नाही.

दुसरा गैरसमज प्रवचनांतूनही ऐकू येतो: रोमन नाण्यावर कैसराचा मुखवटा असे, म्हणून ते यरुशलेमच्या मंदिरात चालत नसे आणि सराफ त्याच्या बदल्यात बिनमूर्तीचं नाणं देत. वस्तुस्थिती उलटी आहे. मंदिराचा कर भरायला चालायचं ते सोर शहराचं चांदीचं नाणं, आणि त्यावर मेल्कार्त या परक्या देवाचं मुख, मागच्या अंगाला गरुड! तरीही ते घेतलं जाई, कारण वजन चौदा ग्रॅमच्या घरात आणि चांदी नव्वद टक्क्यांहून अधिक चोख. मूर्तीपेक्षा कस महत्त्वाचा ठरला. येशूला धरून दिल्याबद्दल यहूदाला मिळालेली 30 रुप्याची नाणी हीच असावीत असं अनेक अभ्यासक मानतात. मत्तयाने नाण्याचं नाव मात्र सांगितलेलं नाही.

आपल्याकडचा सर्वांत चिवट समज सोन्याच्या धुराचा. येशूच्या आगेमागे आणि नंतरही दख्खनवर सातवाहनांची सत्ता होती. पैठण, तेर, कल्याण ही नावं ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात येतात, भडोचच्या बंदरात रोमन सोनं-चांदी उतरत होतं. पण सातवाहनांची स्वतःची सोन्याची नाणी मिळालेली नाहीत. चांदीची थोडी, बाकी शिसं, तांबं आणि पोटीन, म्हणजे तांब्यात शिसं-कथील घातलेला मिश्रधातू. 1939 मध्ये आजच्या वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला सोळाशेच्या आसपास नाणी निघाली, तीही पोटीनची. त्यातलं एखादं निरखून पाहावं. एका अंगाला सोंड उचललेला हत्ती आणि कडेने राजाचं नाव, दुसऱ्या अंगाला फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळं जोडलेलं उज्जैनचं चिन्ह. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी ती नावं वाचली, तेव्हा कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी असे पुराणांच्या यादीतही नसलेले राजे उजेडात आले. माझ्या मते या हलक्या धातूनेच त्यांना वाचवलं. सोनं असतं तर कधीच मुशीत गेलं असतं.

ठेव आणि व्याज ही अलीकडची गोष्ट, असंही सर्रास म्हटलं जातं. येशूच्या दाखल्यातला धनी चाकराला खडसावतो, की माझा पैसा सावकाराकडे ठेवायचा होतास, व्याजासकट मिळाला असता. आपल्या नाशिकच्या लेण्यांत तर हिशेबच कोरलेला आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे 3,000 कार्षापण नाणी कायमची ठेव म्हणून ठेवली. 2,000 वर दरमहा शेकडा एक, उरलेल्या 1,000 वर शेकडा पाऊण. पहिल्या ठेवीचं वर्षाचं व्याज 240 होतं, आणि त्यातून 20 भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 द्यायचे. गणित चोख जुळतं! मुद्दलाला हात लावायचा नाही, हेही तिथंच बजावलेलं आहे आणि 35 कार्षापणांना एक सुवर्ण हा भावही.

आता अगदी कामाचं. नांगराला हंडा लागला तर सरकार तो फुकट नेतं, या भीतीने लोक गुपचूप सराफाची पायरी चढतात. 1878 चा निखात निधी कायदा असं म्हणत नाही. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. लपवणं हा गुन्हा. मूळ मालक कुणी ठरला नाही आणि आपसांत वेगळा करार नसला तर चारांतले तीन हिस्से ज्याला ठेवा सापडला त्याचे, एक जमीनमालकाचा. सरकारने ठेवा स्वतःकडे घ्यायचं ठरवलं तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश द्यावा लागतो. लेखी कळवताना वस्तू काय, अंदाजे किंमत किती, कधी सापडली आणि कुठे, हे सगळं लिहायचं असतं. त्यातलं ‘कुठे’ नीट लिहा: गाव, गट क्रमांक, शेताचा कोपरा, किती खोलीवर. नाणी धुऊ-घासू नका आणि मडकं फुटलं असेल तर त्याची खापरंही सोबत द्या.