साडेपंचवीस सामन्यांची उडी

४ जुलै १९१४. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. बोस्टन ब्रेव्ज हा बेसबॉल संघ त्या दिवशी ब्रुकलिनविरुद्ध लागोपाठ दोन सामने खेळला आणि दोन्ही हरला. नॅशनल लीगमध्ये संघ आठ, ब्रेव्जचा नंबर आठवा. विजय २६, पराभव ४०. त्याच आठवड्यात ते बफेलोच्या कनिष्ठ लीगमधल्या संघाशी एक प्रदर्शनी सामना खेळले. तोही हरले! १९०९ ते १९१२ अशी सलग चार वर्षं तळाला बसलेल्या या संघाकडून आता कोण कशाची आशा धरणार?

ऑक्टोबरमध्ये हाच संघ जगज्जेता होता.

हे किती अशक्यप्राय होतं, ते कळायला आधी बेसबॉलचा एक हिशेब पाहू. ४ जुलैला ब्रेव्ज अव्वल न्यूयॉर्क जायंट्सच्या ‘१५ सामने मागे’ होते. म्हणजे काय? दोन संघांच्या विजयांतला फरक घ्या, पराभवांतला फरक घ्या, दोन्हींची बेरीज करा आणि ती निम्मी करा. ही पिछाडी भरून काढायला नुसतं जिंकून भागत नाही, पुढच्याने हरावंही लागतं. तुम्ही जिंकलात आणि तोही जिंकला, तर तुम्ही आहात तिथेच! १५ सामने भरून काढायचे, तर तुम्ही ओळीने १५ जिंकायचे आणि त्याने ओळीने १५ हरायचे.

आता मोसमाअखेरचे आकडे बघा. ब्रेव्ज ९४ विजय, ५९ पराभव. जायंट्स ८४ आणि ७०. सूत्र लावा : ब्रेव्ज साडेदहा सामने पुढे. पंधरा मागे ते साडेदहा पुढे, म्हणजे तीनेक महिन्यांत साडेपंचवीस सामन्यांची उडी. ४ जुलैनंतर ब्रेव्जनी ६८ जिंकले आणि फक्त १९ गमावले, तर जायंट्सनी जिंकले त्यापेक्षा दोन जास्त हरले. एकाने जीव तोडून धावायचं आणि त्याच वेळी दुसऱ्याची चाल मंदावायची, हे दोन्ही जुळून आलं.

पण हे सुरू कुठून झालं? पहिली गंमत तक्त्यातच दडलेली होती. १८ जुलैला ब्रेव्ज अजूनही आठवेच होते आणि २१ जुलैला चक्क चौथे. तीन दिवसांत चार पायऱ्या! जायंट्स खूप पुढे असले, तरी खालचे संघ एकमेकांना खेटून उभे होते. अशा दाटीत चार-दोन विजय हाती लागले की नंबर भराभर बदलतो. तळाचा संघ म्हणून सगळे ज्याला हसत होते, तो प्रत्यक्षात मधल्या घोळक्यापासून हाकेच्या अंतरावर होता. १२ ऑगस्टला तो दुसरा झाला.

दुसरी गंमत बाकावर बसलेली होती. तिचं नाव जॉर्ज स्टॉलिंग्ज, ब्रेव्जचा व्यवस्थापक. कोट-पँट घालून सामना बघणारा, कमालीचा अंधश्रद्धाळू माणूस. मैदानात कागदाचा कपटा दिसला तरी तो अस्वस्थ व्हायचा, आणि हे ठाऊक असलेले प्रतिस्पर्धी मुद्दाम त्याच्यासमोर कपटे भिरकावायचे. आपल्या संघाचा जम बसला की तो ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत गोठून राहायचा, असं सांगतात. अशा माणसाच्या डोक्यातून त्या काळची सगळ्यात तर्कशुद्ध कल्पना निघाली, हे नवल नाही का?

क्रिकेटमध्ये डावखुरा फलंदाज आला की कर्णधार ऑफस्पिनरच्या हाती चेंडू देतो, कारण चेंडू फलंदाजापासून बाहेर वळतो. बेसबॉलमध्येही तोच खेळ आहे; तिथे चेंडू टाकणारा तो पिचर आणि फटकावणारा तो बॅटर. उजव्या हाताच्या पिचरचा वळणारा चेंडू उजव्या बॅटरपासून दूर पळतो आणि डावखुऱ्याकडे आत येतो. शिवाय पिचरच्या हातातून सुटणारा चेंडू डावखुऱ्याला जास्त स्वच्छ दिसतो. स्टॉलिंग्जने हे उलट्या बाजूने वापरलं. पिचर समोरच्या संघाचा, तो काही आपल्या हातात नाही. मग बॅटर बदला! आउटफिल्डच्या, म्हणजे मैदानाच्या लांबच्या भागातल्या, जागांसाठी त्याने उजव्या आणि डाव्या खेळाडूंचा ताफाच बाळगला. समोर उजवा पिचर असेल तर डावखुरे मैदानात, डावा असेल तर उजवे. जो कॉनॉली त्याचा उत्तम बॅटर, सरासरी .३०६, म्हणजे हजार संधींत ३०६ यशस्वी फटके. पण तो डावखुरा, म्हणून समोर डावा पिचर आला की त्यालाही बाकावर बसवायला स्टॉलिंग्ज कचरायचा नाही. तारा एकही नसलेलं आउटफिल्ड, पण प्रत्येकाला त्याला सोयीचाच चेंडू. दोन साधारण माणसं जोडून एक चांगला खेळाडू तयार!

मैदानाच्या मध्यावर मात्र जागा पक्क्या होत्या. सेकंड बेसला तिशी ओलांडलेला जॉनी एव्हर्स. शिकागोच्या संघाने त्याच वर्षी त्याची व्यवस्थापकपदावरून उचलबांगडी केली होती. शेजारी शॉर्टस्टॉपला बावीस वर्षांचा रॅबिट मॅरनव्हिल, उंची जेमतेम साडेपाच फूट. उंच उडालेला चेंडू तो डोक्यावर हात नेऊन पकडायचाच नाही. हात पोटाशी धरायचे, चेंडू अगदी पट्ट्यापाशी येऊ द्यायचा आणि अलगद झेलायचा. प्रेक्षकांचा श्वास अडकायचा. पण जमिनीवरून सरपटत चेंडू आला की हे दोघे घड्याळासारखे चालायचे. मॅरनव्हिलने उचलून एव्हर्सकडे फेकायचा, एव्हर्सने बेसला पाय लावून गर्रकन वळायचं आणि फर्स्ट बेसकडे सोडायचा. चारेक सेकंदांत दोन गडी बाद! त्या वर्षी लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा चाल्मर्स पुरस्कार एव्हर्सला मिळाला.

आणि तिसरी गंमत? फक्त तीन पिचर. डिक रुडॉल्फने २६ सामने जिंकले, बिल जेम्सने २६, लेफ्टी टायलरने १६. ९४ पैकी ६८ विजय तीन खांद्यांवर! रुडॉल्फ आणि जेम्स यांनी प्रत्येकी ३३० हून जास्त इनिंग टाकल्या. आज एखाद्या पिचरने २०० टाकल्या तरी त्याचं कौतुक होतं. ऑगस्टच्या मध्यात ब्रेव्ज न्यूयॉर्कला जाऊन तीन सामने जिंकून आले. शेवटचा १५ ऑगस्टचा. समोर जायंट्सचा दंतकथा झालेला पिचर क्रिस्टी मॅथ्यूसन. ठरलेल्या नऊ इनिंगपर्यंत कुणालाच धाव नाही. दहाव्यात टायलरने सामना २-० असा काढला.

एव्हाना बोस्टन वेडं झालं होतं. ब्रेव्जचं जुनं साउथ एंड ग्राउंड्स गर्दीला पुरेना, तेव्हा शहरातल्या दुसऱ्या संघाने, रेड सॉक्सने, आपलं दोन वर्षांचं नवं फेनवे पार्क देऊ केलं. ७ सप्टेंबरला तिथे जायंट्सशी सकाळी एक, दुपारी एक असे दोन सामने झाले. दोन्ही मिळून सत्तर हजारांवर माणसं आली. एक जिंकला, एक हरला. दुसऱ्या दिवशी ब्रेव्ज पुन्हा जिंकले आणि पहिल्या क्रमांकावर गेले, ते कायमचेच.

नॅशनल लीग जिंकून ब्रेव्ज वर्ल्ड सीरिजला, म्हणजे दोन मोठ्या लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम लढतीला, पोचले. समोर व्यवस्थापक कॉनी मॅकचे फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स होते. चार वर्षांत तीन वेळा जगज्जेते. निकाल काय लागला? ७-१, १-०, ५-४, ३-१. चारही सामने ब्रेव्जचे! वर्ल्ड सीरिजच्या इतिहासात चारच सामन्यांत असा फडशा तोवर कुणी पाडला नव्हता. हिरो ठरला कॅचर हँक गाउडी. मोसमभर .२४३ च्या सरासरीने रखडलेल्या या माणसाने सीरिजमध्ये .५४५ काढले. जेम्सने ११ इनिंग टाकल्या आणि एकही धाव दिली नाही.

या सगळ्याचा हिशेब पुढच्या वर्षी चुकता झाला. तेवीस वर्षांच्या जेम्सचा खांदा गेला. १९१५ मध्ये तो पाच सामने जिंकला, पुढे मोठ्या लीगमध्ये एकही नाही. आणि ॲथलेटिक्स? पैशाच्या ओढाताणीत मॅकने संघ मोडून टाकला. १९१४ मध्ये ९९ जिंकणारा हा संघ १९१५ मध्ये १०९ हरला. आठवा क्रमांक!

तक्त्यावरची पायरी खाली-वर दोन्हीकडे निसरडी असते. टिकली ती स्टॉलिंग्जची युक्ती. शंभर वर्षांनंतरही प्रत्येक व्यवस्थापक समोरच्या पिचरचा हात बघूनच बॅटरांची यादी लिहितो. ब्रेव्जच्या त्या मोसमाला अमेरिकेत आजही ‘चमत्कार’ म्हणतात, पण त्याची कृती मात्र कुणालाही शिकता येते.