लिनक्समधील फेरफार आणि त्यांची जबाबदारी

लिनक्स या संगणकप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली हेलसिंकी येथे विद्यार्थिदशेत लिहायला घेतला, आणि त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमची मूळ संहिता, सर्वांसाठी खुला ठेवल्यामुळे जगभरातून दुरुस्त्या येऊ लागल्या. अशी दुरुस्ती ‘पॅच’च्या रूपात येते, कोणत्या फाइलमधील कोणत्या ओळी गाळायच्या आणि तेथे कोणत्या घालायच्या, हे त्यात नमूद असते. सुरुवातीची दहाएक वर्षे टोरवाल्ड्स ई-मेलने आलेले पॅच स्वतः पाहून संहितेत घालत असत. पुढे हा पसारा आवरेना, तेव्हा २००२ मध्ये बदलांची नोंद ठेवणारी बिटकीपर ही एका खासगी कंपनीची प्रणाली स्वीकारली गेली.

नोव्हेंबर २००३ मध्ये कर्नलच्या एका दुय्यम प्रतीत कोणीतरी चोरून दोन ओळी घुसवल्या. सी भाषेत तुलनेसाठी बरोबरचे चिन्ह दोनदा लिहितात आणि एकदाच लिहिले तर ते मूल्य बहाल करते. येथे ते मुद्दाम एकदाच लिहिल्यामुळे तपासणीसारखी दिसणारी ओळ प्रत्यक्षात वापरकर्त्याला संगणकाचे सर्वाधिकार देऊन टाकत होती. मूळ भांडारात या बदलाची नोंदच नव्हती, म्हणून लबाडी लगेच उघडकीस आली.

बिटकीपर विनामूल्य वापरण्याची सवलत २००५ मध्ये संपुष्टात आली, तेव्हा टोरवाल्ड्स यांनी एप्रिलमध्ये ‘गिट’ ही नवी प्रणाली रचली. गिटमधील प्रत्येक नोंदीला, म्हणजे कमिटला, तिच्या आशयावरून गणिताने काढलेली, सामान्यतः ४० चिन्हांची ओळख मिळते. या आशयात आधीच्या नोंदीची ओळखही गुंफलेली असल्याने जुन्या नोंदीत गुपचूप खाडाखोड केल्यास पुढची सारी साखळी बदलते. तलाठ्याच्या फेरफार नोंदवहीला असे संरक्षण लाभते, तर किती खटले टळले असते!

मात्र नोंद अबाधित आहे म्हणून बदल योग्य ठरत नाही. तो निवाडा माणसांनाच करावा लागतो, आणि खरे कष्ट तेथेच आहेत. कर्नलच्या प्रत्येक विभागाला मेंटेनर, म्हणजे देखरेख करणारे जाणकार, असतात. ते पॅच तपासतात, बहुधा पुन्हा लिहून आणायला सांगतात आणि पटल्यावरच वरच्या मेंटेनरकडे पाठवतात. २००४ पासून प्रत्येक पॅचखाली पाठवणाऱ्याने आपल्या नावाची ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ लिहून तो देण्याचा आपल्याला हक्क असल्याची ग्वाही द्यावी लागते, आणि पॅच पुढे नेणारा मेंटेनरही त्याखाली आपली ओळ जोडतो. त्याआधीच्या वर्षी एससीओ कंपनीने आयबीएमवर लिनक्सच्या निमित्ताने भरलेल्या खटल्यामुळे संहितेचा उगम दाखवता येणे निकडीचे झाले होते.

नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते. पहिल्या दोन आठवड्यांतच नवे काम मुख्य शाखेत सामावले जाते आणि उरलेला काळ दर आठवड्याला चाचणी-आवृत्ती काढून दोष निस्तरण्यात जातो. दुरुस्ती पाठवणारा ज्या कमिटमुळे दोष शिरला तिच्या ओळखीतील पहिली १२ चिन्हे ‘फिक्सेस’ या ओळीत देतो, आणि त्यावरून जुन्या आवृत्त्या सांभाळणाऱ्यांना आपल्या कोणत्या शाखेत तोच दोष आहे हे शोधता येते.